उकळी फुटण्याच्या आधी

जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या रुडॉल्फ कुन्त्समान यांनी १९५६ साली मसाल्याची गोड वाइन बाटलीत भरून विकायला काढली. गिऱ्हाइकाने ती घरी नेऊन नुसती गरम करायची. शहराच्या प्रशासनाने त्यांना दंड ठोठावला. गुन्हा काय, तर वाइनमध्ये साखर घातली. तेव्हाच्या वाइन-कायद्यात ते बसत नव्हतं. आज नाताळच्या बाजारात थंडीने गारठलेले लोक जे वाफाळते मग दोन्ही हातांनी धरून उभे असतात, त्यांतल्या बहुतेक मगांत अशीच कारखान्यात तयार झालेली, साखर घातलेली ग्लूवाइन असते. ज्या कायद्याने दंड केला, त्याचाच वंशज आता तिची व्याख्या सांगतो. युरोपीय संघाच्या २०१४ सालच्या नियमानुसार ग्लूवाइन फक्त लाल किंवा पांढऱ्या वाइनचीच हवी, तिचा स्वाद मुख्यतः दालचिनीचा, लवंगेचा किंवा दोन्हींचा हवा, अल्कोहोल किमान ७ टक्के आणि १४.५ टक्क्यांच्या आत हवा. गोडी आणताना जे थोडं पाणी येईल तेवढंच, वरून पाणी घालायला मनाई. पांढऱ्या वाइनची असेल तर तसं लेबलवर छापायचं.

नियमात सगळं आहे, पण घरी करणाऱ्याला जी गोष्ट सगळ्यांत आधी कळायला हवी ती नाही. ही वाइन उकळायची नसते.

आपल्याकडच्या माणसाला हे ऐकायला सोपं आणि पाळायला महाकठीण. आपला चहा उकळल्याशिवाय चहा होत नाही. घरात कुणी शिंकलं की सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, तुळशीची पानं पाण्यात टाकून ते निम्मं होईपर्यंत आटवायचं, ही सवय आजीच्या आजीपासून चालत आलेली. इथेही पातेलं तेच आणि मसाल्याच्या डब्यातले निम्मे जिन्नस तेच, फक्त पाण्याच्या जागी वाइन. त्यामुळे मराठी घरातली पहिली ग्लूवाइन बहुधा काढाच होते. माझी मामेबहीण स्टुटगार्टला राहते, तिने मला हे हसत हसत सांगितलं. तिथल्या मराठी मित्रमंडळींच्या एका मेळाव्यात कुणी तरी दोन मोठी पातेली भरून ग्लूवाइन केली होती. आलं किसून घातलं होतं, मिरी होती, मूठभर वेलदोडे होते आणि अर्धा तास खदखदा उकळी होती. "दादा, लोकांनी एक घोट घेतला आणि विचारलं, ताप कुणाला आलाय?"

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. कागदावरचं हे नातं मोटारींच्या धंद्याने खरं केलं आहे. चाकण-पुण्याहून तिकडे आणि तिकडून इकडे अभियंत्यांची ये-जा चालू असते. नोव्हेंबरच्या शेवटी बाजार सुरू झाले की तिथल्या मुलामुलींचे मगासकट काढलेले फोटो इकडच्या आईवडिलांच्या फोनवर येऊन पडतात, आणि इकडून प्रश्न जातो, "ते लाल लाल काय आहे? घरी करता येतं का?" तर, येतं. बाजारात मिळतं त्याहून कितीतरी चांगलं येतं, असं माझं मत आहे, आणि ते मी बहिणीच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात बसून बनवलेलं आहे.

या शेजारीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, नेकार नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्ष-बागायतदाराच्या घरात वाढलेल्या. स्टुटगार्टमध्ये शहराच्या आतच डोंगरउतारांवर द्राक्षमळे आहेत, महापालिकेची स्वतःची वायनरीसुद्धा आहे. आसपासच्या गावांत बागायतदार वर्षातले काही आठवडे घराच्या ओसरीवर किंवा गोठ्याच्या जागेत बाकं टाकून स्वतःची वाइन आणि साधं जेवण विकतात, आणि दुकान उघडं आहे याची खूण म्हणून दारावर केरसुणी टांगतात. बाईंचं बालपण अशाच केरसुणीखालचं. माझी बहीण त्यांना आजी म्हणते, त्या तिला नावाने हाक मारतात, पण माझ्याशी मात्र शेवटपर्यंत अहो-जाहोनेच बोलल्या. बहीण मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती.

ओट्यावर दोन बाटल्या होत्या, म्हणजे दीड लिटर वाइन. बाजूला एक संत्रं, अर्धं लिंबू, दालचिनीच्या दोन कांड्या, सहा लवंगा, दोन चक्रीफुलं आणि वाटीत शंभर ग्रॅमच्या आसपास साखर. एवढंच. मी विचारलं, लवंगा सहाच? बाई म्हणाल्या, "सातवी घातलीत तर दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटेल." लवंगेतलं युजेनॉल खरोखरच दातांच्या औषधात वापरतात, त्यामुळे हा विनोद रसायनशास्त्राला धरूनच होता.

आधी त्यांनी संत्र्याची साल सोलली. नुसता वरचा नारिंगी पापुद्रा. आतला पांढरा भाग सुरीला लागला की सुरी तिरपी करून त्या तो बाजूला काढायच्या. कडवटपणा या पांढऱ्या भागातून येतो, आणि वाइन गरम असेल तर तो फार लवकर उतरतो. हवी असते ती सालीतल्या तेलाची वासाची बाजू. म्हणूनच मेण न लावलेली, फवारणी न केलेली फळं घ्यायची, नाही तर वाइनमध्ये मेण उतरतं. नागपुरी संत्रं या कामाला उत्तम, हे मी त्यांना अभिमानाने सांगितलं. साल पातळ आणि सुटी, पांढरा भाग अगदी थोडा, आणि आंबिया बहाराचं फळ नेमकं हिवाळ्यातच येतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही ते नुसतंच खाता?" या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

पुढची पायरी मला सगळ्यांत शहाणपणाची वाटली. एका छोट्या पातेलीत त्यांनी बाटलीतली कपभर वाइन, संत्र्याचा रस, सगळी साखर आणि सगळे मसाले घातले आणि ते मंद आचेवर दहा मिनिटं उकळू दिलं. उकळायची हौस भागवायची ती या कपभर वाइनवर. मसाल्याला आपला अर्क सोडायला धग लागते, साखरेला विरघळायला लागते, आणि ती धग सगळ्या वाइनला द्यायची गरज नसते. पाक थोडा दाट होऊन मसाल्याचा वास घरभर सुटला की पातेली उतरवून बाजूला ठेवायची. मग मोठ्या पातेल्यात उरलेली वाइन, त्यात हा पाक मसाल्यासकट, सालीच्या पट्ट्या आणि लिंबाच्या एक-दोन चकत्या. आच अगदी बारीक. पातेलं स्टीलचं किंवा एनॅमलचं घ्यावं. वाइन आंबट असते, ॲल्युमिनियम किंवा कल्हई उडालेलं पितळ तिच्यासमोर टिकत नाही आणि चवही बिघडवतं.

थर्मामीटर असेल तर ७० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ द्यायचं, फार तर ७५. नसेल तर डोळे पुरतात. वाफ दिसू लागते, पृष्ठभाग किंचित थरथरतो. कडेला पांढरा फेस जमू लागला म्हणजे उशीर व्हायला लागला. तळाशी बारीक बुडबुडे सुटताना दिसले की पातेलं सरळ उचलायचं. बाईंनी फेस दिसायच्या आधीच गॅस बंद केला, झाकण ठेवलं आणि आम्हाला बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं. अर्धा-पाऊण तास मुरू द्यायचं. हा वेळ वाचवायचा मोह प्रत्येकाला होतो आणि तिथेच चव हुकते. मुरून झालं की गाळायचं, मसाले टाकून द्यायचे, पुन्हा वाफ येईपर्यंत तापवायचं, आणि जाड काचेच्या किंवा मातीच्या मगात, मग आधी गरम पाण्याने विसळून, ओतायचं. पातळ काचेचा पेला तडकतो.

उकळू नये यामागचं कारण बहुतेकजण अर्धंच सांगतात. म्हणे ७८ अंशांना अल्कोहोल उडून जातो. शुद्ध अल्कोहोलचा उत्कलनबिंदू ७८.३ अंश आहे हे खरं, पण वाइनमध्ये तो पाण्यात मिसळलेला असतो, आणि मिश्रण उकळू लागतं ते नव्वदीच्या पुढे. अल्कोहोल एका क्षणात नाहीसा होत नाही, वाफेबरोबर हळूहळू जातो. पदार्थात घातलेल्या अल्कोहोलबद्दल अमेरिकेच्या कृषी खात्याने एक तक्ता दिलेला आहे. पंधरा मिनिटं मंद उकळल्यावर सुमारे ४० टक्के उरतो, तासाभरानंतर २५ टक्के, अडीच तासांनी ५ टक्के. तेव्हा 'उकळलेली आहे, मुलांना दिली तरी चालेल' असं म्हणणाऱ्याचंही चुकतं. मुलांसाठी तिथे वेगळं पेय करतात. सफरचंदाचा किंवा लाल द्राक्षांचा रस, त्यात जास्वंदाच्या कुळातल्या लाल फुलांचा चहा आणि हेच मसाले. ते मात्र हवं तितकं उकळावं.

अल्कोहोलपेक्षा मोठं नुकसान वासाचं आणि चवीचं होतं. वाइनमधली फळांची चव आणि सालीचं तेल यांतला उडून जाणारा भाग आधी जातो. मागे उरतात कडवट टॅनिन आणि लवंगेची झणझणीत बाजू. शिवाय आंबट द्रवातली साखर बराच वेळ तापत राहिली की हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युराल नावाचं संयुग तयार होतं. जर्मनीतल्या अन्नतपासणी प्रयोगशाळा बाजारातल्या टपऱ्यांवरून नमुने घेतात आणि या संयुगाचं प्रमाण पाहून ठरवतात की टपरीवाल्याने वाइन दिवसभर खदखदत ठेवली होती की नाही. एका मोठ्या तापत्या टाकीत सकाळपासून रात्रीपर्यंत राहिलेली वाइन कशी लागते हे ज्याने चाखलं आहे त्याला प्रयोगशाळेची गरज नाही. घरच्या पातेल्याचा खरा फायदा हाच, की त्यातली वाइन तासाभरात संपते.

आता वाइन कोणती. फ्रीजमध्ये पडून आंबट झालेली, कुणी भेट दिलेली पण न आवडलेली, ती यात खपवावी असा एक सर्वत्र समज आहे. तापवल्याने दोष झाकत नाहीत, उलट उघडे पडतात. मात्र महागडी, ओकच्या पिंपात मुरवलेली वाइनही नको, कारण तिचं टॅनिन आणि लाकडाचा वास गरम झाल्यावर तुरट होतो. हवी ती साधी, कोरडी, फळांच्या चवीची लाल वाइन. जर्मन घरांत बरेचदा डॉर्नफेल्डर वापरतात. ही जात तशी नवी. श्वाबेन भागातल्या वाइन्सबर्गच्या संस्थेत ऑगस्ट हेरोल्ड यांनी १९५५ साली दोन जातींच्या संकरातून ती तयार केली. रंग गडद, टॅनिन बेताचं. स्टुटगार्टच्या परिसरात ट्रॉलिंगर नावाची फिकट लाल, हलकी वाइनही घेतात. बाईंच्या ओट्यावर तीच होती, माहेरच्या गावची. जर्मनीत 'विन्त्सर-ग्लूवाइन' असं लेबल लावायचं असेल तर द्राक्षं त्या बागायतदाराच्या स्वतःच्याच मळ्यातली हवीत. कारखान्याच्या स्वस्त मालाविरुद्ध बागायतदारांनी शोधलेला हा मार्ग आहे, आणि बाटली विकतच घ्यायची झाली तर हा शब्द शोधून घ्यावी.

महाराष्ट्रात करायची तर नाशिकची साधी शिराझ घ्यावी, लेबलवर ओकचा उल्लेख नसलेली. झिन्फांडेल मिळाली तर तीही चालेल. गोव्यात 'पोर्ट' म्हणून मिळणारी गोड लाल वाइन घेतली तर साखर अजिबात घालू नये, आणि तरीही मला ती जडच वाटते. बाटली घरात ठेवायला आणि प्यायला आपल्याकडे परवाना लागतो, हे आपण सगळेच सोयीस्करपणे विसरतो, म्हणून आठवण करून देतो. हवामानाची अडचण तितकी मोठी नाही. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा बागायतदार द्राक्षांना थंडीचा तडाखा बसू नये म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. द्राक्षाच्याच गावात, शेकोटीपाशी बसून प्यायला याहून योग्य पेय मला सुचत नाही. दादरच्या बंद खोलीत पंखा लावून ती पिण्यात मात्र अर्थ नाही.

दालचिनीचंही थोडं बघून घ्यावं लागतं. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून मिळते ती बहुतेकदा जाड, कडक, लालसर कॅशिया. तिच्यात कूमारिन नावाचा पदार्थ बराच असतो आणि तो जास्त पोटात गेला तर काहींच्या यकृताला त्रास देतो. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २००६ साली याबद्दल इशारा दिला तेव्हा नाताळच्या दालचिनी-बिस्किटांवरून देशभर चर्चा झाली होती. ग्लूवाइनमध्ये दोन कांड्या पडतात आणि गाळून टाकल्या जातात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तरी चवीसाठीसुद्धा सिलोनची, कागदासारख्या पातळ पदरांची दालचिनी चांगली. ती गोडसर लागते, जिभेला झोंबत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या जातीचं 'कोकण तेज' हे वाण काढलेलं आहे आणि कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत ते लावतात. कुणी ओळखीचं असेल तर तिथून मागवावी. पूड कधीच वापरू नये, वाइन गढूळ होते आणि तळाशी चिखल बसतो.

हे मसाले त्या थंड देशात पोचले कसे, याचा एक धागा आपल्या किनाऱ्यावरून जातो. मार्च १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द अल्मेदाचं आरमार लिस्बनहून भारताकडे निघालं. त्यातल्या तीन जहाजांत ऑग्सबर्ग आणि न्यूरेम्बर्गच्या व्यापारी घराण्यांचा पैसा होता. वेल्झर, फुग्गर, इमहोफ, हिर्शफोगेल ही ती घराणी. वेल्झरांचा माणूस म्हणून बाल्टाझार श्प्रिंगर नावाचा प्रवासी या जहाजांवर होता. आरमाराने सप्टेंबरमध्ये कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर नांगर टाकला आणि तिथे किल्ला बांधायला घेतला. हे बेट आज गोव्याच्या हद्दीत आहे. मग कण्णूर, कोची, आणि परतीला मिरी आणि इतर मसाले भरलेली जहाजं. श्प्रिंगरचा प्रवासवृत्तान्त १५०९ मध्ये छापून आला. त्या प्रवासावरून ऑग्सबर्गच्याच हान्स बुर्कमायरने लाकडी ठशांची चित्रं कोरली होती. साडेचारशे वर्षांनी ज्या शहरात साखरेबद्दल दंड झाला ते हेच ऑग्सबर्ग, आणि आज ग्लूवाइनच्या जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी एक कंपनी आहे ती न्यूरेम्बर्गला. मसाल्याची पेठ ज्या गावात एकदा बसली तिथून ती सहसा हलत नाही. न्यूरेम्बर्ग मसाल्याच्या शुद्धतेबद्दल किती कडक होतं याची एक भयंकर गोष्ट आहे. १४४४ साली तिथे केशरात भेसळ करणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्याच्या भेसळीच्या केशरासकट जिवंत जाळलं होतं. कुन्त्समान दंडावर सुटले म्हणायचे.

मसाला घातलेली वाइन त्याही आधीची. एपिकियस या नावाने चालत आलेल्या रोमन पाककृतींच्या संग्रहात अगदी सुरुवातीलाच अशी वाइन दिलेली आहे. मधात वाइन आटवून मिरी, मस्तकी, केशर, भाजलेल्या खजुराच्या बिया आणि एक सुगंधी पान घालायचं. हे पान म्हणजे भारतातून जाणारं तमालपत्र असावं असं काही अभ्यासक मानतात. मध्ययुगात ती श्रीमंतांच्या घरी दालचिनी-सुंठीने स्वादवून कापडी पिशवीतून गाळून प्यायचे. साखर तेव्हा मसाल्याइतकीच महाग होती. बर्लिनच्या आन्द्रेआस मार्कग्राफ यांनी १७४७ मध्ये बीटातली साखर ओळखली, पुढच्या शतकात बीटाचे साखर-कारखाने निघाले, आणि गोड गरम वाइन सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागली.

जर्मनीतली ग्लूवाइनची सर्वांत जुनी ज्ञात कृती म्हणून जी सांगतात, ती डिसेंबर १८३४ची. ड्रेस्डेनजवळच्या राडेबॉइलच्या परिसरात राहणाऱ्या ऑगस्ट फॉन वाकरबार्ट या सरदाराने ती लिहून ठेवली होती, आणि सॅक्सनीच्या सरकारी दफ्तरखान्यात ती सापडली. ही लाल नव्हे, पांढऱ्या वाइनची. तिच्यात केशर आहे, अनिस म्हणजे बडीशेपेच्या जवळचं बी आहे, डाळिंब आहे. वाकरबार्टचं नाव लावणारी एक सरकारी वायनरी आजही राडेबॉइलला आहे आणि ती पांढरी ग्लूवाइन विकते. केशर आणि डाळिंब म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारणारच. पांढऱ्या वाइनला लवंग जड होते, म्हणून लवंग दोनच, चक्रीफूल एक, केशराच्या चार-पाच काड्या, आणि साखरेऐवजी थोडा मध. शेनँ ब्लाँ घेतली तर नाशिकचीच चालते. बहिणीने मागच्या हिवाळ्यात ती करून पाहिली, आणि आजींनी दुसरा मग मागितला. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्या घरात मिळत नाही.

बाजार हे या पेयाचं सगळ्यांना माहीत असलेलं घर, पण बाजार पेयापेक्षा जुना आहे. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट १४३४ साली मांसाच्या एका दिवसाच्या बाजाराच्या परवानगीने सुरू झाला. न्यूरेम्बर्गच्या बाजाराचा पुरावा १६२८चा, आणि तोही कशाचा, तर कुणी तरी भेट म्हणून दिलेल्या एका लाकडी डबीचा. आज दोन्हीकडे सगळ्यांत जास्त गर्दी असते ती ग्लूवाइनच्या टपरीपुढे. मगासाठी अनामत रक्कम घेतात. मग परत केला तर पैसे परत, नाही तर तो घरी. दरवर्षी नवी नक्षी असते, त्यामुळे लोक मुद्दाम परत करत नाहीत आणि जर्मन घरांच्या फडताळांत अशा मगांच्या रांगा लागतात. कुणी त्यात रम किंवा बदामाचं लिकर ओतून घेतं. गाडी चालवणाऱ्याला तिथे रक्तातल्या अल्कोहोलची हजारी अर्धा इतकीच मर्यादा आहे, नवशिक्या चालकाला शून्य, म्हणून बाजाराच्या दिवसांत ट्राम भरभरून जातात.

कोरोनाच्या पहिल्या हिवाळ्यात बाजार बंद होते, तरी लोक रस्त्यावरच्या खिडकीतून मग घेऊन फुटपाथवर घोळके करून उभे राहत. ९ डिसेंबर २०२० रोजी तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांनी संसदेत केलेल्या भाषणात ग्लूवाइनच्या टपऱ्यांचा उल्लेख आला. एरवी आवाज न चढवणाऱ्या बाई त्या दिवशी हात जोडल्यासारख्या बोलत होत्या. यासाठी दिवसाला ५९० माणसं जाणार असतील तर ती किंमत मला मान्य नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. मसाल्याच्या वाइनवरून देशाच्या चॅन्सेलरला अशी विनवणी करावी लागते, यावरूनच हे पेय तिथे काय आहे ते कळावं. त्या हिवाळ्यात खूप घरांत पातेली चढली. आमच्या आजी म्हणतात, त्यांच्या इमारतीतल्या तरुण मुलांनी तेव्हाच पहिल्यांदा त्यांच्या दारावर टकटक करून कृती विचारली.

घरात थोडं नाटक करायचं असेल तर फॉयरत्सांगनबोले आहे. ग्लूवाइन पातेल्यात गरम राहील अशी ठेवायची, पातेल्यावर धातूची पट्टी आडवी टाकायची, तिच्यावर साखरेचा शंकूसारखा घट्ट गड्डा, त्यावर रम, आणि काडी लावायची. निळी ज्योत धरते, साखर वितळून थेंबथेंब खाली पडते. रम किमान ५४ टक्क्यांची हवी, साधी रम पेटत नाही. बाटलीतून थेट ज्योतीवर कधीही ओतू नये, पळीने घालावी. बाटलीचाच भडका उडाल्याचे अपघात झालेले आहेत. हाइनरिख श्पोएर्लच्या १९३३च्या कादंबरीवरून १९४४ मध्ये निघालेल्या, हाइन्त्स रुमान यांच्या चित्रपटाने हे पेय घराघरांत नेलं, आणि विद्यापीठांत तो चित्रपट डिसेंबरमध्ये आजही लावतात. मला विचाराल तर हा खेळ बघायला जितका मजेचा तितकी चव मजेची नाही. वितळलेल्या साखरेने सगळं अति गोड होतं.

बरोबर काय खायचं हा प्रश्न आमच्याकडे जास्त रंगला. जर्मन लोक भाजलेले साखरबदाम, लेबकुखन, श्टोलन असे नाताळचे गोड पदार्थ खातात. म्हणजे गोडावर गोड. बहिणीच्या घरी दिवाळीचा फराळ डिसेंबरपर्यंत पुरतो, कारण तिथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम हॉल मिळेल त्या शनिवारी होतो आणि नंतर डबे घरोघर फिरतात. खारे शंकरपाळे आणि फिकी, ओव्याची कडबोळी ग्लूवाइनबरोबर झकास लागतात. चकली चालते, लसणाचा चिवडा अजिबात नाही, त्यापुढे दालचिनीचं काही चालत नाही. अनारसा मात्र आजींना आवडला, खसखशीच्या बाजूने आधी खायचा हे त्यांना शिकवावं लागलं.

उरलेली वाइन मसाले काढून, गाळून, स्वच्छ बाटलीत घालून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते. दुसऱ्या दिवशी ती जास्त मुरलेली लागते हे खरं, पण प्रत्येक वेळी तापवताना पहिल्यासारखीच काळजी घ्यावी लागते. तेवढा उत्साह नसेल तर नासपती सोलून, देठ तसेच ठेवून, त्यात मंद शिजवाव्यात. आतपर्यंत लाल झाल्या की फळं बाहेर काढून ठेवायची आणि राहिलेला पाक चमच्याला चिकटेपर्यंत आटवायचा. त्या पाकाला उकळी फुटली तरी कुणाचं काही बिघडत नाही. आजी त्यावर व्हॅनिलाचं पातळ कस्टर्ड घेतात. बहीण साखर न घातलेला चक्का वाढते, आणि मला तो जास्त जमतो.